वजन सांगतोस, तसं मनही सांग

बाळा, डायलिसिस सुरू झालं म्हटल्यावर सल्ला देणाऱ्यांची दारात रांग लागेल. कुणी काढा सांगेल, कुणी नवस सांगेल, कुणी चप्पल काढायच्या आधीच ‘क्रिएटिनिन किती?’ विचारेल. त्या रांगेत तुझी आत्याही उभी आहे. पण माझ्या डाव्या हातात डायलिसिससाठी शीर-धमनी जोडून केलेला फिस्टुला आहे आणि सेंटरमधल्या सिस्टर मला जिन्यातल्या पावलांवरून ओळखतात, म्हणून माझा नंबर पहिला.

सेंटरला गेलास की तुझं वजन करतील, बीपी बघतील, साखर बघतील. मन कसं आहे हे बहुतेक ठिकाणी कुणी विचारत नाही. त्यांचा दोष नाही, एकेका टेक्निशियनला किती मशीन सांभाळायची असतात ते तूच बघशील. पण जगभरच्या पाहण्या सांगतात की डायलिसिसवरच्या साधारण चौघांत एकाला उदासीचा आजार गाठतो. म्हणून कुणी विचारायची वाट न बघता आपणच सांगायचं. बाकीचं सगळं या एका सवयीभोवतीच आहे. सावकाश वाच, सगळं एका दिवसात जमवायचं नाहीये.

सुरुवातीचे दिवस

१. पहिले दोन-तीन महिने मोठे निर्णय टाळ. नोकरी सोडणं, घर विकणं, गावी कायमचं निघून जाणं, सगळं थांबू दे — रक्तातला युरिया उतरून डोकं ताळ्यावर यायला वेळ लागतो, आणि तोवर सगळंच संपलंय असं वाटत राहतं.

२. ‘मलाच का?’ हा प्रश्न येईल, येऊ दे. पण उत्तर शोधायला स्वतःची जुनी वर्षं उकरत बसू नकोस — किडनी जाण्यामागे बहुतेकदा साखर नाहीतर बीपी असतं, आणि कितीतरी जणांचं नेमकं कारण डॉक्टरांनाही सापडत नाही.

३. चिडचिड झाली तर तोंडानं सांग, ‘आज माझं डोकं ठिकाणावर नाही’ — नाही सांगितलंस तर घरच्यांना वाटतं आपलंच काही चुकलं, आणि एकाच्या रागापायी घरातले सगळे अर्धपोटी झोपतात.

४. क्रिएटिनिनचा आकडा पाठ करू नकोस — डायलिसिसआधी तो चढणार आणि नंतर उतरणार, त्यावर आनंद टांगलास तर दर दोन दिवसांनी खाली येशील. लक्ष ठेवायचंच असेल तर हिमोग्लोबिन, पोटॅशियम, फॉस्फरस आणि वजनाकडे ठेव.

५. ‘किडनी पुन्हा चालू करून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाज आणि फाटकापर्यंत सोड — अशा काही भस्मांत शिसं आणि पारा सापडलेला आहे, आणि त्या भरवशावर डायलिसिस थांबवलेली माणसं धापा टाकत इमर्जन्सीत येतात. सल्ला फुकटचा, बिल आपल्या नावाचं.

६. एका जाड वहीत तारीख, आधीचं वजन, नंतरचं वजन, बीपी आणि शेवटी एक शब्द मनाचा लिही: बरं, कंटाळा, रडू, राग — महिन्याभरानं पान उलटलं की कोणत्या दिवसांनंतर मन खाली जातं ते आपोआप दिसतं, आणि डॉक्टरांना दाखवायला काहीतरी हातात असतं.

हात, काटा आणि मशीन

७. सकाळी दात घासायच्या आधी फिस्टुलावर बोटं ठेव. थरथर लागली की दिवस सुरू. नाही लागली तर सेंटरला लगेच फोन — गाठ धरली असेल तर तासांचा फरक पडतो, उद्यावर ढकललंस तर हात नवा शोधावा लागतो.

८. त्या हातावर बीपीचा पट्टा नाही, रक्त काढायची सुई नाही, घट्ट घड्याळ नाही, जड पिशवी नाही, उशाखाली हात घेऊन झोपणं नाही — दाबला गेला की प्रवाह अडतो. मी एका हातातल्या बांगड्या सोडल्या, तुला घड्याळ दुसऱ्या हातात घालायला काय होतंय?

९. हात फुगलाय, शिरा वर आल्यात, म्हणून उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे शर्ट शोधू नकोस. कुणी विचारलं तर सांगायला एक सरळ वाक्य तयार ठेव — शीर आणि धमनी जोडायची ही पद्धत १९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी छापून जगासमोर आणली, तेव्हापासून असेच हात माणसांना जगवताहेत. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

१०. चार तास म्हणजे चार तास. ‘आज जरा लवकर सोडा’ ही विनवणी करू नकोस — कमी झालेल्या वेळेत पाणी तरी घाईनं ओढतात, नाहीतर आतच राहतं, आणि दोन्हीत हाल आपलेच. अर्धा तास वाचवला, अर्धा आठवडा हरवला.

११. पैशांमुळे आठवड्यातून दोनच डायलिसिस करायची वेळ आली तर ते मनात ठेवून गप्प बसू नकोस, डॉक्टरांना सांग — औषधं, पाणी, खाणं सगळ्याचा हिशेब त्यांना बदलावा लागतो, आणि तिसऱ्यासाठी योजनेची वाट कधी कधी त्यांनाच ठाऊक असते.

१२. काट्यावर वजन वाढलेलं दिसलं तर सिस्टरना खरं कारण सांग, लग्नातला मठ्ठा असेल तर मठ्ठा सांग — किती पाणी काढायचं ते त्यावर ठरतं. खोटं सांगून टळते ती फक्त बोलणी, पायातला गोळा टळत नाही.

१३. ‘ड्राय वेट’, म्हणजे जास्तीचं पाणी काढून झाल्यावरचं वजन, मधूनमधून पुन्हा तपासून घ्यायला सांग — भूक लागून माणूस भरला किंवा आजारानं वाळला की जुना आकडा चुकतो. मग एक तर सूज राहते, नाहीतर जास्त पाणी निघून चक्कर येते, आणि आपण उगाच घाबरतो.

१४. मशीनवर असताना घाम, जांभया, डोळ्यांपुढे अंधारी, पोटरीत ओढ असं काही वाटलं की तोंड उघड — बीपी उतरायच्या सुरुवातीला सांगितलं तर दोन मिनिटांत सावरतात. सोसण्याचं बक्षीस तिथे कुणी देत नाही.

१५. त्या चार तासांसाठी आवडीची एक गोष्ट राखून ठेव आणि ती एरवी करू नकोस. जुनं नाटक ऐक, क्रिकेट बघ, कीर्तन ऐक — म्हणजे सेंटरला जाताना निदान एक कारण तरी आपल्या पसंतीचं असतं.

१६. डायलिसिसच्या संध्याकाळी कुणाला जेवायला बोलावू नकोस, कुणाकडे जाऊही नकोस — अंग पिळून काढल्यासारखं होतं, त्या वेळी स्वतःला आळशी म्हणण्यापेक्षा तास-दोन तास झोपावं. उठून-बसून जगायचं ते दुसऱ्या दिवशी.

१७. मधल्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटं चाल; दम लागला तर थांब, पुन्हा चाल. किती चालायचं ते एकदा डॉक्टरांना विचारून घे — पाय चालले की झोप आणि भूक सुधारते, आणि मनालाही त्याचा उपयोग होतो हे तपासून पाहिलेलं आहे.

१८. पोटातून घरी करायचं डायलिसिस असतं, त्याची एकदा चौकशी कर. सगळ्यांना ते जमत नाही — दिवसातून तीन-चार वेळा पिशव्या बदलाव्या लागतात, स्वच्छता काटेकोर हवी. पण नोकरी सांभाळणाऱ्याला किंवा सेंटर लांब असलेल्याला त्यात मोकळीक मिळते. न विचारता नाही म्हणू नये.

पाणी, मीठ आणि सणवार

१९. दिवसभराचं पाणी सकाळीच बाटलीत भरून ठेव. चहा घेतलास, आमटी घेतलीस, कलिंगड खाल्लंस की तेवढं बाटलीतून कमी कर — चोवीस तासांची लघवी अधिक अर्धा लिटर असा हिशेब बहुतेकांना देतात. तुझा आकडा तुझ्या डॉक्टरांकडून घे, माझ्याकडून नको.

२०. तांब्या-भांडं माळ्यावर टाक आणि लहान कप काढ. चूळ भर, लवंग चघळ, बर्फाचा एखादा खडा तोंडात धर, तोही पाण्यातच मोजून — घसा कोरडा पडला म्हणून पोटभर पाणी लागतंच असं नाही. तहान मागते तांब्या, भागते घोटावर.

२१. पाणी कमी करायचं असेल तर आधी मीठ कमी कर. पापड, लोणचं, फरसाण, हॉटेलची ग्रेव्ही ही मंडळी तहान सोबत घेऊन येतात — मीठ जिरवायला शरीर पाणी मागतच राहणार. मीठ खाल्लं जिभेनं, फेडलं सुईनं.

२२. ‘लो सोडियम’ मीठ घरात आणू नकोस, आणि सैंधव चालतं या समजुतीत राहू नकोस — पहिल्यात सोडियम कमी करायला पोटॅशियम घातलेलं असतं, ते आपल्या हृदयाला थेट धोक्याचं. आणि सैंधव झालं तरी शेवटी मीठच.

२३. बटाटा, भाज्या बारीक चिरून भरपूर कोमट पाण्यात भिजव, ते पाणी ओत, मग नव्या पाण्यात शिजवून तेही ओत — पोटॅशियम बरंच पाण्यात उतरतं. चव कमी होते, पण वरून लसूण-जिऱ्याची फोडणी दिली की तक्रार करायला जागा उरत नाही.

२४. नारळपाणी पौष्टिक म्हणून कुणी हातात दिलं तर ‘तुम्हीच घ्या’ म्हण. आणि कमरख, ते पाच धारांचं आंबट फळ, तोंडातही घालू नकोस — नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर. आणि कमरखातलं विष किडनी बाहेर टाकू शकत नाही, ते मेंदूला लागतं, न थांबणाऱ्या उचकीपासून फिट येण्यापर्यंत.

२५. एकादशी करायचीच असेल तर मनानं कर. बटाटा, रताळं, शेंगदाणे, खजूर यांचं ताट म्हणजे आपल्यासाठी पोटॅशियमचं ताट — पांडुरंगाला आपल्या किडन्यांची कल्पना आहे, तो हजेरी मांडून बसलेला नाही.

२६. सोम-बुध-शुक्र शिफ्ट असेल तर रविवार सांभाळ, मंगळ-गुरु-शनि असेल तर सोमवार — दोन दिवसांचा खंड सगळ्यात जोखमीचा. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, २०११ साली छापलेल्या, या खंडानंतरच्या दिवशी मृत्यू आणि दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. आणि आपलं मटण नेमकं रविवारी शिजतं!

२७. आहारतज्ज्ञांना ‘चालेल का?’ विचारू नकोस, ‘किती आणि कोणत्या दिवशी?’ असं विचार — पहिल्या प्रश्नाला नाही म्हणणं सोपं असतं. दुसऱ्यातून आमरसाचे दोन-चार चमचे आणि एखादी तिळाची वडी निघू शकते, आणि सण सुना जात नाही.

२८. किडनीवाल्यानं डाळ, अंडं खाऊ नये हे जुनं वाक्य आता सोड — ते डायलिसिसच्या आधीचं पथ्य. डायलिसिसमध्ये प्रथिनं निघून जातात, म्हणून आता ती उलट जास्त लागतात. किती ते तुझ्या वजनावरून ठरवून घे. पोट खंगलं की मन आधी खचतं.

२९. फॉस्फरसची गोळी ताटातच ठेव आणि जेवताना घे, नंतर आठवली तर उपयोग नाही — ती जेवणातलं फॉस्फरस आतड्यातच धरून ठेवते. वाढलेल्या फॉस्फरसनं हाडं दुखतात आणि खाजही वाढते.

३०. तुझ्यासाठी वेगळं पातेलं नको. भाजी सगळ्यांची एकच, मीठ घालायच्या आधी तुझा वाटा बाजूला — वेगळं शिजलं की माणूस वेगळं बसायला लागतो, आणि वेगळं बसला की बोलणं कमी होतं.

मनाचा काटा

३१. दर पंधरवड्याला स्वतःला दोन प्रश्न विचार: आवडीच्या गोष्टींत रस वाटेनासा झालाय का? बहुतेक दिवस उदास, हताश वाटतंय का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांग — डॉक्टरसुद्धा सुरुवात याच दोन प्रश्नांनी करतात.

३२. थकवा, भूक मंदावणं, झोप न येणं याला लगेच ‘मनाचं दुखणं’ म्हणू नकोस आणि ‘किडनीचंच असेल’ म्हणून सोडूही नकोस — हिमोग्लोबिन, लोह, थायरॉइड तपासून घेतलं की कुणाचा वाटा किती ते कळतं. रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन चुकलं तरी माणूस जिना चढताना रडकुंडीला येतो.

३३. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना किडनीची सगळी फाइल घेऊन जा — काही औषधं किडनीवाटे बाहेर पडतात, त्यांचा डोस कमी करावा लागतो. आणि परत येऊन त्यांनी दिलेली चिठ्ठी किडनीच्या डॉक्टरांना दाखव. दोघांची गाठ घालून देणं आपलंच काम.

३४. गोळी की बोलण्याचा उपचार, यावर घरात वाद नको. अमेरिकेत डायलिसिसवरच्या लोकांत दोन्हींची तुलना झाली, ती २०१९ साली छापून आली — दोन्ही गटांना बरं वाटलं, गोळीवाल्यांना किंचित जास्त, पण दुष्परिणामही त्यांनाच जास्त. तुला जे झेपेल आणि गावात मिळेल त्यानं सुरुवात कर.

३५. मनाच्या गोळीला काही आठवडे दे आणि बरं वाटलं की परस्पर बंद करू नकोस — असर हळूहळू चढतो, आणि एकदम थांबवली की चक्कर, बेचैनी घेऊन बसते. बंद करायची वेळही डॉक्टरांनीच ठरवायची.

३६. खाज सुटते हे सांगायला लाजू नकोस — रात्रभर खाजवणारा माणूस दिवसभर भांडतो. त्यावर उपाय आहेत: कोरड्या त्वचेला तेल-मलम, फॉस्फरसवर लगाम, डायलिसिस पुरेसं होतंय का याची तपासणी, आणि लागलंच तर गोळी.

३७. अंथरुणावर पडलं की पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, असं होत असेल तर त्यालाही नाव आहे आणि औषधही आहे. तू जोरात घोरतोस असं बायको सांगत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाल — झोपेत श्वास अडकणं किडनीच्या आजारात बरंच आढळतं, आणि तुटलेली झोप उदासीला वाट करून देते.

३८. कुणी अचानक असंबद्ध बोलू लागलं, गुंगीत गेलं, माणसं ओळखेना, तर ‘टेन्शन घेतलंय’ म्हणून बसू नका, आधी साखर तपासा आणि थेट दवाखाना गाठा — किडनी मंदावली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ टिकतं आणि साखर एकदम उतरते. युरिया, सोडियम किंवा एखादं औषध साठणं हीही कारणं असतात.

३९. मेडिकलमधून परस्पर गोळी घेणं आजपासून बंद. अंगदुखीची नको, झोपेची नको, पाठ धरली म्हणून स्नायू सैल करणारी बॅक्लोफेन तर नकोच — ती साठून माणूस बेशुद्धीत जाऊ शकतो. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या उरलीसुरली किडनीही संपवतात, आणि होणारी थोडी लघवी ही आपली मोठी इस्टेट आहे.

४०. एखाद्या दिवशी सेंटरमधला ओळखीचा पलंग रिकामा दिसेल. काय झालं ते विचार, वाईट वाटू दे, त्यांच्या घरी जमेल तर एक फोन कर — न विचारता नजर चुकवत राहिलास की प्रत्येक रिकामा पलंग आपलाच वाटू लागतो. त्या माणसाचं वय, हृदय, आजार सगळं वेगळं होतं, हे स्वतःला मोठ्यानं सांग.

४१. ‘आता डायलिसिस नको’ असं मनात आलं तर ते आधी बोलायचं वाक्य आहे, करायची गोष्ट नाही — अनेकदा त्यामागे न सांगितलेली वेदना, न झालेली झोप किंवा बिलाचा धसका असतो, आणि त्या तिन्हींवर काही ना काही करता येतं. बोलून, तपासून, उपचार करूनही एखाद्या म्हाताऱ्या थकलेल्या माणसाचं मत तेच राहिलं, तर डॉक्टर त्यावरही शांतपणे बोलतात.

४२. जीव द्यावासा वाटला, इन्सुलिनकडे किंवा गोळ्यांच्या डब्याकडे वेगळ्या नजरेनं बघितलं गेलं, तर त्या क्षणी एकटा राहू नकोस. बायकोला उठव, मला उठव, रात्रीचे तीन वाजले असले तरी उठव. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं — ती लाट ओसरते, तोवर कुणीतरी शेजारी हवं एवढंच.

घर, नाती आणि पैसा

४३. सूनबाईला आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी दे. त्या दिवशी सेंटरला भाऊ येईल, मित्र येईल, नाहीतर तू रिक्षानं जाशील — सांभाळणाऱ्या माणसाचं मनही खचतं, आणि ते कुणाच्या फाइलीत लिहिलेलं नसतं. जो राखण करतो, त्याचीही राखण हवी.

४४. हे आत्यानं सांगायचं नसतं, पण दुसरं कुणी सांगणार नाही म्हणून सांगते: नवरा-बायकोतली जवळीक या आजारात कमी होते. डॉक्टरांना सांग, आणि तिलाही सांग — कारण हार्मोन, रक्त कमी असणं, बीपीच्या गोळ्या यांत असतं, आणि ती मात्र समजते की आपण नकोसे झालो.

४५. पोरांना खरं सांग, त्यांच्या वयाच्या मापानं. ‘बाबाचं रक्त मशीन धुऊन देतं, म्हणून तो दुपारी दमतो’ एवढं पुरे — बंद दाराआडची कुजबुज ऐकून मुलं याहून भयंकर काहीतरी रचतात.

४६. कामाच्या ठिकाणी साहेबाला शिफ्टच्या वारांसकट स्पष्ट सांग, आणि सेंटरमध्ये पहाटेची किंवा संध्याकाळची वेळ मिळते का ते बघ — थोडं का होईना, काम चालू राहिलं की महिन्याअखेर पैसे येतात आणि रोज सकाळी दाढी करायला कारण मिळतं.

४७. पैशाची लाज सोड आणि कागद गोळा कर. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली जाहीर झाला, तेव्हापासून जिल्हा रुग्णालयांतही केंद्रं उभी राहिली — कर्जाची काळजी रात्री दोनला उठवते, ती कमी झाली तर झोपेच्या गोळीची गरजही कमी होते.

४८. रेल्वेत डायलिसिस आणि किडनीरोपणासाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि एका सोबत्याला भाड्यात सवलत असते. एसटीच्या सवलतीचं डेपोत विचार — डॉक्टरांचं प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात लागतं, ते आधीच करून पाकिटात ठेवलं की खिडकीवर वाद घालावा लागत नाही.

४९. किडनी कोण देणार हा विषय पंगतीत काढू नकोस, आणि कुणाच्या डोळ्यांत बघत बसू नकोस — आपल्याकडे देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, त्यात आपखुशी किती आणि भीड किती कोण सांगणार? देणाऱ्याचं मन मोकळं हवं, मागणाऱ्याचं तोंड बंद.

५०. कुणी आपणहून पुढे आलं तर त्यालाही डॉक्टरांशी एकट्यानं बोलू दे, ‘नाही’ म्हणायची वाट उघडी ठेवून. जगातलं पहिलं यशस्वी किडनीरोपण १९५४ साली बॉस्टनमध्ये जुळ्या भावांत झालं, आणि देणारा भाऊ पुढे पन्नासहून जास्त वर्षं जगला — तरीही देणाऱ्यानं दरवर्षी तपासणी करायचीच असते. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांत अदलाबदल करायची सोयही कायद्यात आहे.

५१. घरात कुणी नसेल तर दवाखान्यामार्फत प्रतीक्षायादीत नाव घाल. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समित्या ती यादी सांभाळतात — नाव घातलं की फोन चालू ठेव, तपासण्या ताज्या ठेव, आणि मग ते विसरून रोजच्या कामाला लाग. फोनकडे बघत बसल्यानं यादी पुढे सरकत नाही.

५२. रोपण झाल्यावर सगळे पेढे वाटतील आणि तुला मात्र विनाकारण रडू येईल, झोप उडेल, तर घाबरू नकोस — स्टिरॉइडनं मन वर-खाली होतं, आणि मिळालेल्या किडनीच्या ओझ्याचाही एक संकोच असतो. गोळ्या घड्याळाच्या काट्यावर घे. आनंद थोडा उशिरा आला तरी चालतो, नवी किडनी टिकवणारी टॅक्रोलिमस उशिरा चालत नाही.

५३. आपल्यासारख्या माणसांत थोडा वेळ काढ. सेंटरच्या बाकावर डबा उघड, नवीन आलेल्याला चांगल्या सिस्टरचं नाव सांग — अवयवरोपण झालेल्यांच्या जागतिक स्पर्धा १९७८ साली इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला सुरू झाल्या, तिथे धावणाऱ्यांतले कितीतरी जण कधीतरी असेच खुर्चीला टेकून बसलेले होते. तू धावायला हवंस असं माझं म्हणणं नाही, जिन्यात थांबून गप्पा मारल्यास तरी पुरे.

५४. पुढच्या दोन महिन्यांतली एक तारीख आनंदासाठी कायम ठरवून ठेव. नाटक, लग्न, गावची जत्रा, काहीही. बाहेरगावी डायलिसिस आधी कळवून ठरवता येतं, फक्त कावीळ आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट लागतात — पुढे बघायला काही असलं की मधले वार ढकलायला सोपे जातात. तेव्हा या भाऊबीजेला तुझ्या बाबांबरोबर तूही इकडे यायचंस. रिपोर्ट पंधरा दिवस आधी पाठव, आमच्या सेंटरला तुझी पहाटेची शिफ्ट मी बोलून ठेवते. चकल्या मात्र मोजून दोन मिळतील, आणि त्याही कमी मिठाच्या.